'मी वार करतो'... बास, एवढंच?

टेबलावरच्या रोलप्लेइंग गेममधली लढाई बोअर व्हायला लागली असेल, तर नवं रूलबुक मागवू नका. गाडी काढा आणि भोर-वेल्ह्याच्या रस्त्याला लागा!

'मी वार करतो.'
'टाक फासा.'
'चौदा.'
'लागला. त्याचे सात पॉइंट गेले. पुढे कोण?'
'मी. मीपण वार करतो.'

वाचतानाच जांभई आली ना? आता हेच पाऊण तास चालतंय अशी कल्पना करा. हातात तलवार आहे, समोर राक्षस आहे, बाजूला धबधबा कोसळतोय आणि खेळणारे सहा जण बँकेत चेक भरावा तशी आपापली पाळी उरकतायत. एक जण तर मोबाइलवर उद्याची मीटिंग बघतोय. नवा ग्रुप जमतो, दोन-तीन शनिवार जाम उत्साहात जातात आणि चौथ्या शनिवारी एकेकाला अचानक 'घरी पाहुणे' येतात. बरेचसे ग्रुप असेच विरघळतात. कारण काय, तर गोष्ट सांगायला जमलेली माणसं लढाई आली की हिशेब करायला लागतात.

ज्यांना हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून तोंडानं खेळायचं नाटक. एक जण गेम मास्टर. तो जग उभं करतो, शत्रू चालवतो, निवाडा देतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि 'मी आता काय करतो' ते सांगतात. जमलं की नाही, ते फासा ठरवतो. यातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा १९७४ सालचा डंजन्स अँड ड्रॅगन्स. २०१६ मध्ये आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात ना, तोच!

या खेळाची खरी गंमत अशी की तुम्ही काहीही करू शकता. व्हिडिओ गेममध्ये जेवढी बटणं तेवढेच पर्याय. इथे बटणंच नाहीत. झुंबराला लटका, वाळू फेका, खोटं बोला, पूल तोडा. मग सगळे नुसते वार का करतात? त्याचं उत्तर आणि त्यावरचा इलाज पुण्याहून दीड-दोन तासांवर आहे. कात्रजचा घाट ओलांडायचा, नसरापूर फाट्याला यायचं. इथून एक रस्ता वेल्ह्याला जातो. या तालुक्याचं नाव आता 'राजगड' झालंय. हायवेनं थोडं पुढे गेलं की दुसरा रस्ता भोरला. तोरणा, राजगड, रोहिडा हे किल्ले आणि बांदल, जेधे, कंक ही घराणी याच मातीतली. कमी माणसं, कमी घोडे, कमी पैसा आणि समोर प्रचंड फौज अशा वेळी लढायचं कसं, याचा अख्खा सिलॅबस या दोन तालुक्यांत पसरलाय.

आधी थोडं गणित (घाबरू नका!)

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत एखादी गोष्ट किती अवघड, त्याचा एक आकडा असतो. सोपी असेल तर १०, मध्यम असेल तर १५, अवघड असेल तर २०. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राचा बोनस मिळवायचा. बेरीज तेवढी किंवा जास्त भरली की काम फत्ते. म्हणजे बोनस ५ असेल आणि आकडा १५ असेल तर फाशावर १० किंवा वर पडायला हवं. शक्यता ५५ टक्के.

आता याच नियमांत एक झकास सोय आहे. परिस्थिती तुमच्या बाजूची असेल तर गेम मास्टर दोन फासे टाकायला देतो आणि मोठा आकडा धरतो. तेवढ्यानं ५५ टक्क्यांचे जवळजवळ ८० टक्के होतात! म्हणजे डोकं चालवण्याचा फायदा नियमांनीच कबूल केलाय. तरी माणसं नुसता वार का करतात? कारण वाराचा आकडा कागदावर लिहिलेला असतो आणि युक्तीचा नसतो. 'मी त्याच्या डोळ्यांवर घोंगडी टाकतो' म्हटलं आणि गेम मास्टर 'नाही जमणार' म्हणाला, तर पाळी फुकट आणि चारचौघांत पोपट! त्यापेक्षा वार बरा. दिवसभर ऑफिसमध्ये आपण नेमकं हेच करत असतो. सेफ खेळतो.

मावळातल्या माणसांकडे सेफ खेळायचा ऑप्शनच नव्हता. म्हणून त्यांच्याकडून शिकायचं.

धडा पहिला : पायाखाली बघा

राजगडावर गेलेल्या प्रत्येकाकडे नेढ्यातला फोटो असतोच. सुवेळा माचीवरचं कातळाला पडलेलं ते आरपार भोक. पण गेमवाल्यांनी खरा वेळ द्यायला हवा तो संजीवनी माचीला. इथली तटबंदी दुहेरी आहे. बाहेर एक भिंत, आत दुसरी आणि दोन्हींच्या मध्ये अरुंद, खोल जागा. शत्रूनं बाहेरची भिंत जिंकली की तो खूश होऊन आत उतरतो आणि मग त्याला कळतं, आपण बोळात सापडलोय आणि डोक्यावर दुसरी भिंत आहे. तलवार फिरवायलाही जागा नाही. बांधणाऱ्यानं दगडातच डाव मांडून ठेवलाय!

गुंजवण्याच्या बाजूनं चढताना चोर दरवाजा लागतो. खडी चढण आणि शेवटी असं इवलंसं दार, की अंग चोरून, वाकूनच आत शिरायला लागतं. एका वेळी एकच माणूस आणि त्याचीही मान खाली. आत उभ्या असलेल्याला भीम असायची गरज नाही, जागा राहायची गरज आहे.

टेबलावर याचा अर्थ काय? गेम मास्टरनं 'एक खोली आहे, चार शत्रू आहेत' एवढंच सांगितलं तर खेळणारे वारच करणार. त्याला दुसरं काही दिलंच नाहीये. प्रत्येक लढाईच्या जागेत निदान तीन वापरता येतील अशा गोष्टी ठेवा. शेवाळलेल्या पायऱ्या, अर्धवट भरलेलं टाकं, खुंट्याला बांधलेला बैल. आणि खेळणाऱ्यांनो, पाळी आली की आधी स्वतःच्या कॅरेक्टर शीटकडे नाही, जागेकडे बघा. 'इथे वर काय आहे?' हा प्रश्न फुकट आहे, बिनधास्त विचारा.

धडा दुसरा : जिंकणं म्हणजे नक्की काय?

हिरडस मावळ म्हणजे आजच्या भोर तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग. इथले देशमुख बांदल आणि त्यांचे देशपांडे बाजी प्रभू. भोर तालुक्यातलं शिंद हे त्यांचं गाव. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. सिद्दी जौहरची माणसं मागावर होती. १३ जुलैला घोडखिंडीत बाजी प्रभू आणि बांदलांचे मावळे थांबले. आकडा तीनशेचा सांगितला जातो. महाराज गडावर पोचून तोफेचे आवाज होईपर्यंत खिंड सोडायची नाही, असं ठरलं होतं, असं परंपरा सांगते. बाजी, त्यांचे भाऊ फुलाजी आणि बहुतेक सगळे तिथेच पडले. खिंडीचं नाव पुढे पावनखिंड झालं.

आता क्षणभर भावना बाजूला ठेवून हे गेमसारखं बघा. समोरच्या फौजेला मारून टाकणं हे बाजींचं टार्गेटच नव्हतं. त्यांना हवे होते काही तास. शत्रूचे किती पडले याला किंमत नव्हती, शत्रू किती वेळ थांबला याला होती. या हिशेबानं खिंड पडली तरी लढाई जिंकलेलीच होती.

टेबलावरच्या कंटाळवाण्या लढाईचा सगळ्यात मोठा आजार हाच असतो. समोरच्याचे पॉइंट शून्य करणं याशिवाय जिंकण्याची दुसरी व्याख्याच नसते. ती बदलून बघा. सहा पाळ्या दार धरून ठेवायचं. जखमी माणसाला पलीकडे न्यायचं. कागद जळण्याआधी उचलायचा. लगेच माणसं वार सोडून विचार करायला लागतात. ढकलणं, अडवणं, पाय अडकवणं, घाबरवणं या सगळ्या गोष्टी अचानक तलवारीपेक्षा महाग होतात. युक्ती सुचत नाही म्हणणाऱ्याला बरेचदा युक्तीची गरजच पडलेली नसते!

धडा तिसरा : समोरच्याच्या डोक्यात शिरा

एप्रिल १६६३. लाल महालात शिरून शाएस्ताखानाची बोटं छाटली गेली, ती रात्र. त्यानंतरची आख्यायिका पुण्यातल्या पोरापोराला माहीत असते. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पेटवले, मोगल फौज त्या उजेडामागे धावली आणि मराठे दुसऱ्या वाटेनं सिंहगडाकडे पसार! कागदोपत्री पुराव्याच्या कसोटीवर ही गोष्ट आख्यायिकेतच राहते. पण युक्ती म्हणून ती शंभर नंबरी आहे आणि तिचा एक जुळा भाऊ इटलीत सापडतो. इ.स.पू. २१७ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल रोमन फौजेच्या कोंडीत अडकला होता. त्यानं रात्री बैलांच्या शिंगांना जळती लाकडं बांधून ते डोंगराकडे हाकले. खिंडीवरचे रोमन पहारेकरी तिकडे धावले आणि हॅनिबलची फौज मोकळ्या झालेल्या खिंडीतून निघून गेली. पॉलिबियस आणि लिव्ही या दोघाही इतिहासकारांनी हे लिहून ठेवलंय.

यात तलवारीचं काम काय? शून्य. शत्रूला काय दिसेल आणि ते बघून तो काय समजेल, एवढ्याच दोन प्रश्नांवर सगळा डाव. टेबलावर मात्र आपण शत्रूला बहुतेक वेळा पॉइंटांची पिशवी समजतो. त्याला भूक लागते, तो दमतो, त्याला बढती हवी असते, त्याचा शेजारच्या हवालदारावर विश्वास नसतो. गेम मास्टरनं प्रत्येक शत्रूला एक हौस आणि एक भीती दिली तरी पुरे. खेळणारे बरोबर त्याच दोरीला हिसका देतात.

आणि हो, शत्रूलाही डोकं असतं. १७०४ साली औरंगजेबाच्या फौजेनं तोरणा घेतला तो लढून, दोराच्या शिड्या लावून कडा चढून. जी युक्ती आपल्याला सुचते ती समोरच्यालाही सुचू शकते, हे कळलं की टेबलावरचे सगळे सावरून बसतात.

धडा चौथा : हत्याराला विचारा

दांडपट्टा बघितलाय? २०२४ मध्ये त्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत येणारा लोखंडी हातमोजाच. त्यामुळे मनगट वळत नाही. सगळा वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, माणूस स्वतःभोवती फिरतो आणि चारही बाजूंना पातं फिरतं. म्हणजे हे हत्यार घोळक्यात घेरलेल्या एकट्या माणसाचं. अरुंद बोळात मात्र त्याची पंचाईत. दुसरं हत्यार विटा. हा भाला, पण त्याच्या टोकाला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेका आणि ओढून परत घ्या! कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात ही दोन्ही आजही बघायला मिळतात.

'तलवार, एक ते आठ डॅमेज' एवढी ओळख असलेल्या हत्याराला सुचून सुचून काय सुचणार? त्याऐवजी त्याचा एक गुण आणि एक दोष लिहून ठेवा. पट्टा : घेराव फोडतो, बोळात अडतो. विटा : लांबून ओढतो, दोरी कापली की संपला. युक्त्या आपोआप फुटायला लागतात. विट्यानं शत्रूची ढाल ओढून घेता येईल का? दोरीला धरून आपलाच माणूस कड्यावरून वर घेता येईल का?

आणि हत्यार गेलं तर? ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाण्यावर तानाजी मालुसऱ्यांची ढाल तुटली, तेव्हा त्यांनी हाताला शेला गुंडाळून त्यावर वार झेलले, अशी कथा आहे. राजगडाच्या पायथ्याच्या भुतोंडे खोऱ्यातल्या येसाजी कंकांची गोष्ट तर त्याहून भन्नाट. १६७७ मध्ये गोवळकोंड्याला कुतुबशहासमोर ते मस्तवाल हत्तीशी झुंजले आणि त्याच्या सोंडेवर वार करून त्याला पळवून लावलं, असं सांगतात. दोन्ही गोष्टी लोकांच्या तोंडी वाढलेल्या. पण त्या साडेतीनशे वर्षं टिकल्या कशा, ते बघा. 'तानाजींनी अठरा वार केले' असं कुणी सांगत नाही. 'ढाल तुटली, मग शेला गुंडाळला' एवढंच लक्षात राहतं. तुमच्या टेबलावरचंही तेच लक्षात राहील.

गेम मास्टर, नाही म्हणू नकोस. किंमत सांग!

इथे प्रश्न येतो निवाड्याचा. हा प्रश्न या खेळाएवढाच नव्हे, त्याच्या पणजोबाएवढा जुना आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा क्रीगस्पील हा युद्धाचा खेळ आला. नकाशा, ठोकळे, फासे आणि नियमांचं जाडजूड बाड. ते एवढं किचकट झालं, की १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्यानं सुचवलं, बाड ठेवा बाजूला आणि निवाडा अनुभवी पंचाला करू द्या. आजचा गेम मास्टर म्हणजे त्याच पंचाचा वारस.

त्याच्या मदतीला खेळ लिहिणाऱ्यांनीही बरीच डोकी चालवली आहेत. २००१ मधल्या 'एक्झॉल्टेड'मध्ये तुम्ही तुमची चाल रंगवून सांगितलीत तर जास्तीचे फासे मिळतात. २००८ मधल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीत गेम मास्टरच्या पुस्तकाचं ४२ नंबरचं पान फेमस झालं. नियमात न बसणाऱ्या करामतींचा निवाडा कसा करायचा, ते तिथे दिलंय. उदाहरण काय, तर झुंबराला लटकून राक्षसाला लाथ घालून निखाऱ्यात पाडणं! २०१२ च्या 'डंजन क्रॉल क्लासिक्स'मध्ये योद्धा प्रत्येक वाराबरोबर एक जादा फासा टाकतो. वार लागला आणि त्या फाशावर तीन किंवा जास्त आले, की त्यानं आधी सांगितलेली करामतही होऊन जाते. पाडणं, ढकलणं, हत्यार उडवणं, काहीही.

या सगळ्यांचा फंडा एकच. करामतीला 'हो' म्हणा आणि तिची किंमत लावा. टेबलावर हे करायला तीन प्रश्न पुरतात.

एक, काय वापरतोयस? दोन, त्यानं काय व्हायला हवंय? तीन, फसलं तर काय जाईल?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फसल्यावर काहीच जाणार नसेल तर ती करामत नाही, चीट कोड आहे. मग प्रत्येक जण दर पाळीला तेच करणार आणि आठवड्याभरात झुंबरही वाराइतकंच बोअर होणार. कोंढाण्याच्या गोष्टीत सूर्याजी परतीचे दोर कापून टाकतो. म्हणून ती गोष्ट अंगावर येते. परत जायची वाट, हीच तिची किंमत.

करून बघू या

समजा, तुमचे चार मावळे एक खलिता घेऊन निघालेत. आषाढातली रात्र, केळदच्या पुढचा मढे घाट. तानाजींचा देह याच वाटेनं कोकणात नेला म्हणून घाटाचं हे नाव पडलं, असं म्हणतात. उजाडायच्या आत खाली उतरायचंय. मागे दहा-बारा स्वार, त्यांच्याकडे मशाली. पाऊस मी म्हणतोय.

जुन्या पद्धतीनं काय झालं असतं? मी वार करतो, तू वार कर, दोन मेले, पळा.

आता असं बघा. धनगराचं पात्र घेतलेली म्हणते, 'माझी घोंगडी भिजून जड झालीय. पहिल्या घोड्याच्या तोंडावर टाकते.' गेम मास्टर विचारतो, 'काय व्हायला हवंय?' 'घोडा बुजला पाहिजे आणि वाट अडली पाहिजे.' 'आणि फसलं तर?' 'घोंगडी दरीत. रात्रभर थंडीत कुडकुडेन.' डन! आकडा १५, हिचा बोनस ३. म्हणजे फाशावर १२ किंवा वर हवेत, शक्यता ४५ टक्के. तेवढ्यात दुसरा म्हणतो, 'थांब, मी आधी खालच्या वळणावरून त्यांना हाका मारतो, त्यांची मान तिकडे वळू दे.' वळली मान! आता दोन फासे. शक्यता जवळपास ७० टक्के. दोघांनी मिळून एक गोष्ट केली आणि मोबाइल खिशात गेले.

घोडा बुजतो. पण मागचे स्वार उतरून पायी यायला लागतात. विटेकरी नकाशाकडे बघतो. घाटाची वाट इथे एका माणसाएवढीच रुंद आहे. 'मी विट्याची दोरी वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना आडवी बांधतो आणि इथेच थांबतो. तुम्ही जा.'

'किती वेळ?' गेम मास्टर विचारतो.

'खलिता खाली पोचेपर्यंत.'

'फसलं तर काय जाईल ते सांगायला नको ना?'

'नको.'

अशा वेळी टेबलावर जी शांतता पसरते ना, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप. सहा महिने वाढवलेलं पात्र, त्याची सगळी कमाई त्यानं खिंडीत ठेवली आणि कुणीही त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. बाकीच्या तिघांनी घाट उतरायचा की परत फिरायचं, यावर आता खरीखुरी वादावादी होणार. एकही वार न करता ही लढाई त्या ग्रुपच्या आयुष्यभर लक्षात राहील.

जरा सांभाळून...

या भागात खेळ मांडताना काही पथ्यं पाळा.

• महाराजांना आणि ज्ञात वीरांना पात्र म्हणून फाशावर चढवू नका. बांदल, जेधे, कंक ही आजही नांदती घराणी आहेत. पावनखिंडीनंतर दरबारातलं मानाचं पहिलं पान जेध्यांकडून बांदलांना दिलं गेलं, ही आठवण इथे जिवंत आहे. इतिहासात नाव नसलेले हजारो मावळे होते, त्यांतले चार तुमचे. त्यांच्या बाबतीत काय घडलं ते कुणालाच माहीत नाही, म्हणून तर खेळता येतं!

• आख्यायिका आणि इतिहास वेगवेगळे ठेवा. गेममध्ये दोन्ही वापरा, पण 'कोंढाण्यावर घोरपड लावली होती' हे फाशाच्या जोरावर कुणाला इतिहास म्हणून सांगू नका.

• जागा दिवसा बघा, खेळ संध्याकाळी पायथ्याच्या गावात मांडा. जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलाय. तिथे फासे हरवले तर चालतील, चिप्सची पाकिटं नकोत. पावसात तोरण्याचा आणि बालेकिल्ल्याचा कातळ जाम निसरडा होतो. तिथे तुमचा बोनस शून्य, आणि दुसरा फासा मिळत नाही.

• नकाशा हातानं काढा. पायऱ्या मोजा, दाराची उंची आपल्या खांद्याशी ताडून बघा, टाक्यात पाणी कुठवर आहे ते लिहा. एका चोर दरवाजाच्या नोंदीतून तीन शनिवारांचा ऐवज निघतो.

• पहिली वेडी युक्ती कुणीही काढली, कितीही येडचाप असली, तरी तिला संधी द्या. त्या एका 'चल, करून बघ'वर बाकीचे पुढे तोंड उघडणार की नाही, ते ठरतं.

फासे पाचशे-हजारात घरपोच येतात. पाचव्या आवृत्तीचे प्राथमिक नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. डोंगर तर आपलेच आहेत. येत्या वीकएन्डला नसरापूर फाट्यावर चहा मारा, वेल्ह्याकडे वळा आणि डावीउजवीकडे बघत जा. प्रत्येक वळणावर एकच विचारा... इथे चार जणांना चाळीस जणांना अडवायचं असेल, तर काय करता येईल?

पाच उत्तरं सुचली की समजा, तुमचा पुढचा शनिवार सेट झाला!